नमुने जमेपर्यंत

दवाखान्याच्या फ्रीजमध्ये माझ्या बायकोच्या रक्ताची नळी एकटीच उभी आहे. डेंग्यू आहे की नाही, ते जिल्ह्याच्या लॅबमध्ये गेल्यावरच कळणार.

"एका नळीसाठी तिकडे किट फोडत नाहीत, काका. आणखी नमुने जमू द्या," सिस्टर म्हणाल्या.

घरी हिला तसं सांगितलं. चूळ भरताना हिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, तरी हसली. "म्हणजे गावाची तब्येत बरी आहे म्हणायची!"

हिशेब सरळ आहे. एकाचा आजार कळायला बाकीच्यांनी आजारी पडायला हवं. आणि तोवर ताप आपला निकाल लावून मोकळा होतो.

आज पुन्हा गेलो. शेजारच्या वहिनी तापाने फणफणत बाकावर बसल्या होत्या. त्यांची विचारपूस करण्याआधी मी सिस्टरना विचारलं, "यांचं रक्त घेतलंत ना?"