मधुमालतीची बांधी

बायको माहेरी, नवेगावबांध गावी गेली होती. घर रंगवायचं म्हणून मी तिची भिंतीवर चढलेली मधुमालती कुऱ्हाडीनं गुडघ्याएवढी छाटून टाकली. रंगारी गेल्यावर तो बोडका खुंट पाहिला आणि ती यायच्या आत त्याला फुटवायचं ठरवलं. आमचा जन्म गेला धानाच्या शेतीत. मी वेलीभोवती मातीची पाळ घातली, धानाच्या बांधीत, खाचरात भरतात तसं पाणी तुंबवलं, वर मूठभर युरियाही फेकला. रोज पाणी भरत राहिलो आणि खुंट काळा पडत गेला.

परतल्यावर ती ओरडेल वाटलं होतं. ती खुंटाजवळ उकिडवी बसली. "पानंच नाहीत, तं एवढं पाणी पिईल कोन? मी तापातून उठली तवा पेजच पाजली ना तुमी मले?"

तिनं पाळ फोडली, माती सुकू दिली. मग दोन दिवसांआड तांब्याभर पाणी, बस. महिन्याभरानं बुडाशी तांबूस कोंब दिसला. जुन्या लुगड्याच्या काठानं तिनं तो काडीला बांधला. मी आनंदानं भरलेली बादली घेऊन धावलो.

तिनं ती हातातून काढून घेतली. "कुऱ्हाडीतून वाचली ते. आता तुमच्या मायेतूनबी वाचू द्या."