रिकामे भाग

मी गप्प राहिल्याचे प्रसंग बायको बोटांवर मोजते. त्यातला एक इथे आखातात, करामा भागातल्या एका दुकानात घडला. तिथे जुन्या कॅसेटी मोबाइलवर घेऊन देतात. मी आमच्या लग्नाची कॅसेट घेऊन उभा होतो. पुढे एक पोलिश आजी होत्या, ठसठशीत लिपस्टिक लावलेल्या. त्यांच्या कॅसेटवर त्यांच्या आईची साक्ष होती. आई नाझी छळछावणीतून वाचली होती.

"मॅडम, मधले रिकामे भाग कापतो," दुकानदार म्हणाला.

"कापू नका. तिथे ती रडू आवरते आहे."

मग त्यांनी एक इअरफोन माझ्या हातात दिला. "असं काही झालंच नाही म्हणणारे वाढलेत. ऐकणारा एक माणूसही वाढू दे."

भाषा मला कळत नव्हती. आवाज मध्येच थांबला. पुढचा शब्द पाठ असूनही आजी त्याची वाट बघत होत्या.