समुद्राकाठच्या घागरी

समुद्र कधीही न पाहता त्याची खडान्‌खडा माहिती असणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस होता आणि तो चाकूरला आमच्या शेजारी राहत होता. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे देगलूरकडच्या मामांच्या गावचं तळं, तेही आटत आलेलं. पण जलरंगाचा कागद पुढे ओढला की त्यांना समुद्रकिनाराच सुचायचा. दुष्काळात टँकर दोन दिवसांआड येई, त्यामुळे मास्तरीणबाई चित्रासाठी एकच वाटी पाणी देत. त्या वाटीत आधी आभाळ व्हायचं, मग समुद्र आणि पाणी पार गढूळ झालं की वाळू. "वाळूला येगळा रंग कामून लावायचा? उरल्यालं पाणी बस होतंय," असं वर मलाच शिकवायचे. शेवटी ती वाटी लिंबाच्या रोपाला जाई. ते रोप एका अंगानं निळसर झालं होतं, हे मी शपथेवर सांगेन.

लातूर जिल्हा नवा झाला आणि मी तिथल्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. भिंती कोऱ्या होत्या, म्हणून मीच साहेबांना मास्तरांचं नाव सुचवलं. चित्र परत आलं तर ब्रश चुलीत घालीन, असं मास्तरांनी घरी जाहीर करून टाकलं. साहेबांच्या टेबलावर चित्र उलगडलं. कोवळं ऊन, निळं पाणी, आणि वाळूवर पाय पसरून बसलेल्या नऊवारीतल्या बायका. प्रत्येकीशेजारी काठोकाठ भरलेली घागर. साहेब नेमके कोकणातले. समुद्राचं पाणी कोणी भरत नाही, तेवढ्या घागरी पुसून टाका, असं ते शांतपणे म्हणाले. जलरंगातलं काही पुसता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मास्तर टोपी चाचपत राहिले.

"खारं असतंय, म्हाईत हाय साहेब. पण घागर भरल्याबिगर बाईमाणूस निवांत बसंल का?"

साहेबांनी चित्र उचलून भिंतीशी धरून पाहिलं. मग त्यांनी शिपायाला खिळा आणायला सांगितला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मास्तर बाहेर येऊन पायरीवर बसले आणि उगाचच हसत राहिले.

आता मास्तर नाहीत. कचेरी रंगवताना चित्र अडगळीत निघालं, ते मी मागून घरी आणलं. आभाळ विटलंय, वाळू मात्र तशीच आहे. पाणी भरून झालं की बायको घागर शेजारी ठेवून पाच मिनिटं त्या चित्राखालीच टेकते. मास्तरांनी हे बघायला हवं होतं.