आधी नंबर, मग नकाशा

देवासच्या आमच्या कारखान्यात सोयाबीनचं तेल निघायचं आणि मी तिथे खरेदी विभागात होते. माल यायचा धार जिल्ह्यातल्या आमच्या खरेदी केंद्रांवरून. सरदारपूर, धरमपुरी आणि आणखी दोन-तीन. रोज संध्याकाळी केंद्रवाले फोनवर आकडे सांगायचे, मी ते लिहून घ्यायचे आणि परत मोठ्यानं वाचून दाखवायचे. दहा वर्षं हेच चाललं होतं. घरीसुद्धा मी फोनवर प्रत्येक वाक्य दोनदा बोलते, अशी माझी थट्टा व्हायची.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचं ठरलं आणि इंदूरच्या एका कंपनीची चार मुलं आमच्याकडे आली. त्यांचा प्रमुख पुण्याचा होता, तिशीच्या आतला, शुद्ध मराठी बोलणारा. तो म्हणाला, "आम्ही वर्षभर गायब होऊन एकदम मोठं काही आणून देणार नाही. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं करून दाखवू. पण तुमच्यातला एक माणूस आम्हाला कायमचा हवा. त्याला आम्ही प्रॉडक्ट ओनर म्हणतो."

आमच्या साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. सगळे एकदम वह्या चाळायला लागले. मी चहा पीत होते, म्हणून सापडले.

"आपल्या बाई करतील," साहेब म्हणाले. "सगळी केंद्रं यांना पाठ आहेत."

मीटिंग संपल्यावर मी त्या पुणेकराला गाठलं. "भाऊ, मला कॉम्प्युटरवर पत्ते खेळण्याशिवाय काही येत नाही."

"यायला नकोच," तो हसून म्हणाला. "काय हवं ते तुम्ही सांगायचं. त्यातलं आधी काय आणि नंतर काय, तेही तुम्हीच ठरवायचं. कसं करायचं ते आमच्यावर सोडा. आणि आम्ही विचारलं की उत्तर लगेच द्यायचं, आठवड्यानं नाही."

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "ओनर म्हणजे मालकीण ना? मग आता न्यायला गाडी येणार का?"

"नाही हो. टेम्पोच."

"मग कसली मेली मालकीण," म्हणून त्यांनी भाजी ढवळली.

मी उत्साहानं कामाला लागले. कारखान्यातल्या प्रत्येक विभागात जाऊन काय हवं ते विचारलं आणि एकेक मागणी एकेका कार्डावर लिहिली. भिंतीवर कार्डं चिकटवून झाली तेव्हा पुणेकर बराच वेळ त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ताई, एकोणीस कार्डांवर एक नंबर लिहिलाय."

"सगळ्यांनी सांगितलं की आमचंच आधी पाहिजे."

"पहिलं एकच असतं," तो म्हणाला.

मग मी सोपा रस्ता धरला. साहेबांचं कार्ड सगळ्यांत वर लावलं. त्यांना जिल्ह्याचा नकाशा हवा होता, कुठल्या केंद्रावर किती माल आला ते रंगांत दाखवणारा. ते मोठे माणूस, त्यांचं आधी. यात चूक काय, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दोन आठवड्यांनी मुलांनी नकाशा करून आणला. पडद्यावर धार जिल्हा पिवळा, हिरवा, लाल झाला. साहेब खुर्चीत पुढे सरकून बघत होते. त्या दिवशी सरदारपूर केंद्राचे इंचार्ज काही कामानं देवासला आले होते, म्हणून त्यांनाही बसवलं होतं. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशांचे मालवी गृहस्थ. सगळे त्यांना भिया म्हणत. सगळ्यांच्या टाळ्या झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"बेनजी, इमें यो कां दिखेगो के म्हारो नंबर कदे आवेगो?"

म्हणजे, यात माझा नंबर कधी येणार, हे कुठे दिसेल? केंद्रावर येणारा प्रत्येक शेतकरी त्यांना हेच विचारत असे. दिवसातून शंभर वेळा. आता तोच प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला.

पुणेकरानं माझ्याकडे बघितलं. "यांचं कार्ड कुठलं?"

कार्ड नव्हतंच. मी सगळ्या कारखान्याला विचारलं होतं, पण जिथे हे वापरायचं त्या केंद्रांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा वर्षं मी सरदारपूरचे आकडे लिहिले, पण सरदारपूर पाहिलं नव्हतं. माझं माहेर धारचं, तिथून ते फार लांबही नाही. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात मी धारला माहेरी गेले. माझे वडील कचेरीतून निवृत्त झालेले. आमच्या पणजोबांनी संस्थानाच्या दरबारात कारकुनी केली होती, म्हणून वडिलांची मराठी जरा जुन्या वळणाची. त्यांनी विचारलं, "तुझं काम नेमकं काय, ते एकदा उलगडून सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे अर्ज सगळ्यांचे घ्यावयाचे आणि एकाचाच मंजूर करावयाचा. बाकीचे शिव्या देणार. छत्री घेऊन जा, ऊन आहे."

सकाळच्या बसनं सरदारपूरला पोचले. गहू यायचे दिवस होते, आमच्या केंद्रावर तोही घेत. फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. भिया हातात खडू घेऊन फिरत होते आणि प्रत्येक ट्रॉलीवर नंबर लिहीत होते. ते पुढे गेले की मागे एक पठ्ठ्या ओल्या फडक्यानं आपला सव्वीस पुसून सोळा करत होता. भियांना ते कळलं, मग भांडण झालं, मग दोघांनी एकत्र चहा घेतला. अकरापर्यंत असं तीनदा झालं.

कडुलिंबाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीजवळ मी टेकले. पहाटेपासून आलेली. त्या दिवशी सरदारपूरचा हाट, म्हणजे आठवडी बाजार होता, चार पावलांवर. तिला मुलीसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या.

"मग जाऊन या ना," मी म्हटलं.

"और नंबर निकल ग्यो तो?" ती म्हणाली. "धणी ट्रॅक्टर छोडे नी, मैं धणी ने छोडूं नी."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या, तीही हसली. पण दुपारी चार वाजेपर्यंत ती तिथेच होती. तिचा नंबर आला तेव्हा हाट उठत आला होता.

देवासला आल्यावर मी भिंतीवरची सगळी कार्डं काढली आणि पुन्हा लावली. सगळ्यांत वर नवं कार्ड: फाटकाशी आल्याबरोबर हातात नंबराची चिठ्ठी, आणि त्यावर साधारण किती वाजता या, ते. नकाशात अजून बरीच सुधारणा साहेबांना हवी होती. ते कार्ड मी खाली नेलं, पार खाली. मग त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, नकाशाचं पुढचं काम आत्ता होणार नाही."

"आत्ता म्हणजे?"

"सोयाबीनचा सीझन लागेपर्यंत तरी नाही."

"अरे वा! मग मला काय मिळणार?"

"या वेळी तुम्हाला काही नाही, साहेब."

असं वाक्य मी आयुष्यात कुणा वरिष्ठाला बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी त्यांना ओलं फडकं सांगितलं, लिंबाखालची बाई सांगितली. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "दसऱ्यानंतर तिथे गोंधळ झाला तर मी तुम्हालाच विचारणार, हां." मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

पुढचे महिने मजेचे गेले. पुणेकराचा फोन दिवसातून चारदा. नंबर गावाप्रमाणे लावायचे का? नाही. मोठा टीव्ही लावू या का, रेल्वे स्टेशनसारखा? सरदारपूरची वीज पाहिली आहे का भाऊ, चिठ्ठीच बरी. एकदा उत्तर द्यायला मी दोन दिवस लावले, तर त्याच्या मुलांनी अंदाजानं काहीतरी बनवलं आणि ते सगळं टाकून द्यावं लागलं. त्यानंतर मी दुपारचा डबा फोनशेजारी बसून खायला लागले.

पहिली चिठ्ठी छापून आली तेव्हा मी ती घरी नेली आणि सासूबाईंना चष्मा काढायला लावून वाचायला दिली. त्यांनी हात लांब केला, जवळ आणला.

"ही मुंगी आहे का आकडा?"

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी नापास केली. पुणेकर वैतागला. "ताई, सगळं बरोबर चालतंय!"

"चालतंय, पण दिसत नाही. माझ्या सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसलं की पास."

दोन फेऱ्यांनंतर आकडा पेढ्याएवढा झाला. सासूबाईंनी स्वयंपाकघरातूनच ओरडून वाचला, "सत्तेचाळीस!" मी लगेच इंदूरला फोन लावला. पलीकडून चौघांचा एकदम आरडाओरडा ऐकू आला.

सीझनच्या पहिल्या दिवशी मी आणि पुणेकर दोघंही सरदारपूरला होतो. फाटकाशी चिठ्ठ्या निघायला लागल्या. लोक चिठ्ठी बघायचे, खिशात घालायचे आणि चक्क निघून जायचे. कुणी चहाला, कुणी दाढी करायला. हाटाचाच दिवस होता. रांगेत ट्रॅक्टरपेक्षा माणसं कमी, असं त्या फाटकानं कधी बघितलं नसेल. भिया मात्र खडूनं नंबर लिहीतच होते. "मशीन आपकी, भरोसा म्हारो," ते मला म्हणाले.

बरं झालं. साडेअकराला वीज गेली. ती आल्यावर कॉम्प्युटर नव्यानं सुरू झाला आणि त्यानं एक्केचाळीस नंबर दुसऱ्यांदा दिला. दोन एक्केचाळीस समोरासमोर उभे ठाकले, दोघांच्या हातात चिठ्ठी, दोघांचा आवाज चढलेला. भिया शांतपणे दोन्ही ट्रॉल्यांजवळ गेले, खडूचे आकडे बघितले आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर पेननं लिहिलं, "४१ और आधा." तो माणूस थोडा वेळ त्या आध्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. मग सगळी रांगच हसली.

मी तिथेच, ट्रॉलीच्या चाकाला टेकून, नवं कार्ड लिहिलं: वीज गेली तरी नंबर दोनदा निघता कामा नये. पुणेकरानं ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं. चार दिवसांत दुरुस्ती झाली. त्या सीझनला पुन्हा कुणी अर्धा झाला नाही.

साहेबांना त्यांचा नकाशा दिवाळीनंतर पूर्ण करून मिळाला. आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. मीही तीनदा बघितला आणि तिन्ही वेळा छान म्हटलं. छान होताच तो.

पुढच्या वर्षी धरमपुरीची पाळी आली, तेव्हा मी आधी तिथे गेले. मी म्हटलं, चिठ्ठी तयारच आहे, मशीन नेऊन ठेवलं की झालं. तिथले इंचार्ज म्हणाले, "बाई, इथे अर्धा माल पलीकडच्या काठावरून येतो. नर्मदेवर नाव जेव्हा काठाला लागेल तेव्हा तो येणार. तुमची अकराची चिठ्ठी त्यांना काय कामाची?" मी पुणेकराला फोन केला. तो म्हणाला, "मग आता आधी काय, ताई?"

"थांब," मी म्हटलं, "विचारून सांगते." आणि घाट उतरून नावाड्यांकडे निघाले. खाली देवळापाशी एक नाव नुकतीच लागत होती. पोती, सायकली, दोन बकऱ्या आणि सगळ्यांच्या वर बसलेल्या एक आजीबाई. मी हात देऊन त्यांना उतरवलं आणि शेजारी पायरीवर बसून विचारायला सुरुवात केली.