तोंडात पाणी धरून हाकलेली मोट

माझा आवाज निजामाच्या अख्ख्या मुलुखाला पुरून उरेल एवढा. परतूरच्या ठेसनापासून आमचं शेत चांगलं दोन कोस. पण मी विहिरीवर बैलांना थांबवायला ‘हो’ म्हणालो की तिकडं सुटायला निघालेली गाडी जागीच थांबायची, असं खुद्द गार्डानं मला सांगितलं होतं. तो गार्ड आता हयात नाही, नाहीतर तुम्हीच जाऊन विचारलं असतं.

त्या साली माझे वडील, आबा, राखणीच्या माळ्यावरून पडले. कंबर धरली, विहिरीजवळ टाकलेल्या बाजेवर आले आणि मोट माझ्या हाती आली. जोडीतला एक बैल म्हातारा. हाकणारा झोपला तरी तो मोट ओढायचा. दुसरा घरच्या गाईचा गोऱ्हा. तो नीट उभा राहायच्या आतच गाय गेली. मी चिंधी दुधात बुडवून बुडवून त्याला वाढवला, त्यामुळं तो बैल कमी आणि माझा धाकटा भाऊ जास्त होता.

उतारावरून खाली जात मोट ओढायची, हे कुठल्याही बैलाला जमतं. खरी गोम पुढं. मोट रिकामी झाली की त्याच उतारावरून, म्हणजे धावेवरून, उलट्या पावलांनी वर यायचं. पाठीमागं विहीर, आणि ती दिसत नाही. माणसाला असं चालायला लावलं असतं तर त्यानं तहसीलीत अर्ज दिला असता. गोऱ्ह्यानं अर्ज दिला नाही, धूम ठोकली. जू मोडलं, मोट विहिरीच्या कडेवर आपटून फाटली, आणि म्हातारा बैल माझ्याकडं असा बघत राहिला की मीच मान खाली घातली.

आबांनी बाजेवरूनच निकाल दिला. पुढच्या बाजाराच्या आत गोऱ्हा बराबर मागं सरला नाही, तर मंठ्याच्या हेड्याला, म्हणजे जनावरांच्या दलालाला, देऊन टाकायचा. मी म्हणालो, माझा गोऱ्हा कुठंबी जाणार न्हाई. जरा जोरात म्हणालो असेन, कारण गोऱ्ह्यानं खुंटी उपटली.

मोट शिवून आणली, पुन्हा जुंपली. आबांची थोरली बहीण, आमची आत्या, भाकरी घेऊन आल्ती. नवरा गेल्यावर तिनं स्वतः मोट हाकली होती. माझी दोन-तीन गाणी आणि चार-पाच शिव्या तिनं ऐकून घेतल्या.

“बैलाला शिकवून राह्यला का बैलाशी भांडून राह्यला?”

मी म्हणालो, तो ऐकतच न्हाई.

“सगळा मुलूख ऐकतो, त्यो कसा न्हाई ऐकणार? तोंडात पाणी धर. खाली उतरून परत वर येईस्तोवर गिळायचं न्हाई, थुकायचं न्हाई. अन् त्याच्या ढुंगणामागं उभं राहू नको. तिथं तू त्याला दिसत न्हाईस. खांद्याशी ये.”

मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यातून मी ओंजळ भरली, गाल फुगवले आणि खाली उतरलो. पहिल्यांदा गोऱ्हा उधळलाच, आणि मी अर्धी विहीर नाकावाटे सोडली. पण मी हट्टाला पेटलो होतो. पुन्हा ओंजळ, पुन्हा उतार. बोलता येईना, तेव्हा नाइलाजानं बघायला लागलो. गोऱ्ह्याचा कान आधी फिरायचा, मग डोळ्याचं पांढरं दिसायचं, मग पाय. कान फिरला की मी एक पाऊल लांब सरकायचो, तो थांबायचा. खांद्यापासून थोडा मानेकडं झालो की तो मागं सरायचा. हात लावायचीसुद्धा गरज नाही. तेवढ्या दिवसांत मी एवढं पाणी तोंडात धरलं की दुधना नदी कोरडी पडली. लोक म्हणाले दुष्काळ. म्हणू दे.

बाजाराच्या आदल्या दिवशी हेडी स्वतःच विहिरीवर आला. मी धावेच्या मधोमध होतो, बैल उलटे चढत होते, तोंडात पाणी. त्यानं सरळ मागून येऊन गोऱ्ह्याची शेपटी पिरगाळली. गोऱ्ह्याचा कान फिरला. माझ्या तोंडात पाण्याबरोबर एक शिवी अशी उकळली की दातांना चटका बसला. मी ओठ आवळले आणि एक पाऊल लांब झालो. गोऱ्हा थरथरला, उभा राहिला. मी परत मानेकडं आलो. तो संथपणे मागं सरत वर गेला.

हेड्यानं आबांना विचारलं, “पटेल, पोरगा गूंगा हाय क्या?”

“आठवड्यापासून,” आबा म्हणाले.

“बैल तो बढिया हाय. बोलो.”

आबा बाजेवर कोपर टेकून उठले. धावेवरच्या गोऱ्ह्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, “बैल न्हाई द्यायचा. पोरगं पाह्यजे तर घेऊन जा, आता त्याचाबी गलका ऱ्हायला न्हाई.”

तेव्हा कुठं मी ते पाणी गिळलं. गव्हाचे शेवटचे वाफे अजून कोरडेच होते. मी थारोळ्यात ओंजळ बुडवली, गाल फुगवले आणि गोऱ्ह्याच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो.