कपाटातली पाटी

मंडळी, एक सल्ला हवाय.

भवानी पेठेतल्या चादरवाल्या अप्पांची वेबसाइट मी केली. गिऱ्हाईक मराठी, कानडी, तेलुगूत चादरीला काय काय म्हणतं ते अप्पांनी हौसेनं सांगितलं. मी ते सगळे शब्द मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे सर्च इंजिनासाठी कोडमध्ये ठेवलेल्या छुप्या यादीत भरले. पानावर नुसते फोटो.

आज अप्पांनी माझ्यासमोर मोबाइलवर चादरीचं दुकान शोधलं. शेजारचं दुकान आलं, त्यांचं नाही.

"आपले शब्द कुटं गेले?"

"आतल्या कोडमध्ये आहेत अप्पा. गिऱ्हाइकाला दिसत नाहीत."

"आन् सर्च इंजिनाला?"

तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर या टॅगची माहिती शोधून वाचली. सगळ्यात मोठं सर्च इंजिन हा टॅग कित्येक वर्षं जमेतच धरत नाही. मी क्लासमध्ये शिकले, ते पुन्हा कधी तपासलंच नाही. तसं कबूल केलं.

अप्पा रागावले नाहीत. चादरीची घडी घालत म्हणाले, "पाटी कपाटात ठिवून गिऱ्हाईक येतंय व्हय?"

त्यांचे शब्द आता पानावर, वाक्यांत लिहितेय. पण हीच चूक असलेल्या आणखी अकरा दुकानांच्या साइट मी केल्यात. त्यातल्या एका दुकानदाराचा आत्ताच मेसेज आलाय: "ताई, मैंदर्गी गावातल्या माझ्या भावालाबी अश्शीच साइट करून द्या की."

काय उत्तर देऊ?