मे महिन्याचा उतारा

तेल्हाऱ्याच्या भाजीवाल्या शेषरावांची वर्षाली अमरावतीला एमएस्सी झाली आणि अकोल्यात एका औषधी कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. गावातल्या बाया काम विचारायच्या, तेव्हा ती उतारा काढते एवढंच सांगायची. शंभर किलो कापसातून रुई किती निघाली हे ज्यांना कळतं, त्यांना याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

हिशेब सरळ होता. कागदावर मांडलं तर एका घाण्यातून अडीचशे किलो पांढरी भुकटी निघायला हवी. तेवढी कधीच निघत नाही. काही कच्चा माल तसाच राहतो, थोडा भांड्याला धरतो, थोडा पाण्यात विरघळून जातो. हाती दोनशे आली की उतारा ऐंशी टक्के. मालक महादेवरावांना हा ऐंशीचा आकडा पाठ होता. तो का येतो, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

मग मे तापला. टाकीतलं पाणी हाताला चटके देऊ लागलं, आणि माल थंड करायला तेच पाणी. गार झाल्याशिवाय भुकटी खाली बसत नाही. ती पाण्यात विरघळलेली राहिली आणि गाळून निघालेल्या पाण्यासोबत वाहून गेली. एकशे सत्तर किलो भरली, म्हणजे अडुसष्ट टक्के.

वर्षालीनं त्या गाळलेल्या पाण्याची बाटली ऑफिसच्या फ्रिजमध्ये, मालकाच्या ताकाशेजारी ठेवली. दुपारपर्यंत बुडाशी बोटभर पांढरं बसलं. ती बाटली तिनं मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

महादेवरावांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "मॅडम, फ्रिजात तर तूपही गोठते. तीस किलो माल कुठी गेला ते सांगा."

पाणी थंड करायचं यंत्र घ्या, असं ती म्हणाली. ते किमतीवरून हसले. त्यांच्या डोक्यात चोरी करणारा माणूस बसला होता. माल पिळून कोरडा करायच्या फिरत्या यंत्रावर कारखाना उघडला तेव्हापासून देवमन उभा राहायचा. ओली भुकटी सगळ्यात आधी त्याच्याच हाताला लागायची. आता फाटकावर त्याचा डबा उघडून पाहू लागले. भाकरीखाली ठेचा निघाला, तरी रोज पाहायचे.

एक दिवस तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. आत यायचा नाही, पायाला भुकटी असते म्हणून.

"ताई, ते पावडर चोरून म्या काय करू? पोळीले लावू? तू हिशोब मांडतं न, तूच सांग मालकाले."

तिनं सांगितलंच होतं. पुन्हा काय सांगणार? त्यात मालकानं बजावलं होतं, की पुढचा घाणाही कमी भरला तर देवमनला पोलिसात देतो.

पुढचा घाणा ड्रायरमध्ये होता. वर्षालीला बाप आठवला, बाजारात कोथिंबिरीच्या, म्हणजे आपल्या सांबाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडून मग काट्यावर ठेवणारा. ही चोरी आहे असं त्यांच्या घरात कोणाला कधी वाटलं नव्हतं. तिनं वेळेआधीच ड्रायर बंद करायला लावला. ओलसर माल काट्यावर चढला. दोनशे किलो. तिनं ऐंशी टक्के लिहून सही केली आणि देवमन सुटला म्हणून पोटभर जेवली.

संध्याकाळी महादेवरावांनी पेढा पुढे केला. या घाण्याला त्यांनी देवमनला गुपचूप झाडांना पाणी द्यायला पाठवलं होतं आणि यंत्रावर दुसऱ्या एका कामगाराला, बंडूला, उभं केलं होतं. "पाहा मॅडम. माणूस हटवला अन् उतारा आला."

पेढा तिच्या हातात तसाच राहिला. तिनं तिथंच सांगून टाकलं, की माल ओला होता, मी मुद्दाम ओला मोजला. धावत जाऊन तिनं राखून ठेवलेला नमुना आणला, तापवला, वजन करून दाखवलं. पाणी उडालं आणि उतारा पुन्हा तिथंच, अडुसष्ट.

मालकानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "तुमचाच कागद, तुमचीच सही. सकाळी एक, आता एक. मी कोणतं खरं मानू?"

पोलीस नको, एवढंच काय ते तिला पदरात पाडता आलं. देवमनचा हिशेब त्याच दिवशी चुकता करून त्याला कामावरून काढलं.

तो जाताना ती फाटकापर्यंत गेली. त्याच्यासाठीच केलं होतं, हे तिनं त्याला सांगितलं. त्यानं टॉवेलनं मान पुसली.

"माह्यासाठी काहून केलं व? खरं होतं तेच लिहून ठेवाचं होतं. आज नाई तर पावसाळ्यात पाणी गार झाल्यावर दिसलंच असतं त्याले."

तिला खाली पाहावं लागलं. तो ऑटोत बसून जुन्या शहराकडे गेला.

पुढच्या घाण्याला तिनं माल पुरा वाळवला. यंत्रावर बंडूच होता. एकशे एकाहत्तर किलो भरले. या आकड्याची तर ती वाटच पाहत होती. आता तरी पटेल, म्हणून कागद घेऊन ती तडक मालकाकडे गेली.

महादेवरावांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि दोन्ही डोळे चोळले.

"म्हणजे जाता जाता त्यानं बंडूलेही शिकवून ठेवलं," ते म्हणाले.